धाव पुरी करा

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)



मीरा-भाईंदरच्या माणसाला वेळ कसा वाचवावा हे शिकवावं लागत नाही. कोणत्या डब्याच्या कोणत्या दाराशी उभं राहिलं की अंधेरीला जिना नेमका समोर येतो, दादरला कोणत्या पुलावर गर्दी कमी असते, पावसाळ्यात स्टेशनपर्यंत कोणती गल्ली कोरडी राहते, हे इथल्या कुणालाही विचारा. प्रत्येकाचा रस्ता ठरलेला. तोच रस्ता माणूस वर्षानुवर्षं रोज कापतो आणि तरी अर्धं मिनिट आणखी कुठं वाचेल याचा हिशेब त्याच्या डोक्यात चालूच असतो.

आज मी ज्या छंदाबद्दल बोलणार आहे, तो याच स्वभावाचा आहे. फक्त तो पडद्यावर चालतो. त्याचं नाव स्पीडरन. एखादा व्हिडिओ गेम सुरुवातीपासून शेवटापर्यंत, घड्याळ लावून, कमीत कमी वेळात पुरा करायचा. पुरा झाला की पुन्हा तोच गेम पहिल्यापासून. जगभरात हजारो मुलंमुली, आणि माझ्या वयाची काही माणसंही, हे मनापासून करतात.

पन्नाशी ओलांडलेला, बी. ए. करून मराठीत कविता लिहिणारा माणूस या विषयावर का बोलतो, असा प्रश्न तुमच्या मनात आला असेल. कारण घरातलं आहे. माझा भाचा बारावीला होता. फिजिक्सचा पेपर वाईट गेला आणि त्यानंतरच्या एकाही पेपराला तो गेला नाही. "एक बिघडला, आता बाकीचे देऊन काय उपयोग? सगळे पुन्हा देईन," एवढंच म्हणाला आणि संगणकासमोर बसला. माझी बहीण नया नगरात दोन खोल्यांत राहते. एका संध्याकाळी तिचा फोन आला. "भाईजान, तुम्ही एकदा येऊन बघा. दिवसभर एकच गेम. तोही धड खेळत नाही. दोन मिनिटं खेळतो, बंद करतो, पुन्हा सुरू करतो. मला काही कळेनासं झालंय."

मी गेलो, त्याच्या शेजारी खुर्ची टाकून बसलो आणि त्यालाच म्हटलं, "मला शिकव." पुढचा महिनाभर आठवड्यातून तीन संध्याकाळी आमची शिकवणी चालली. गुरू अठरा वर्षांचा, शिष्य पंचावन्नचा.

गेम तुमच्या ओळखीचा आहे. सुपर मारिओ ब्रदर्स. जपानच्या निन्टेंडो कंपनीनं तो १९८५ मध्ये काढला. आपल्याकडे नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडायचे व्हिडिओ गेम आले, त्यांच्या कॅसेटमध्ये हा मिशीवाला मारिओ हमखास असायचा. त्यात आठ जगं आहेत आणि प्रत्येक जगात चार लेव्हल, म्हणजे एकूण बत्तीस. पण स्पीडरन करणारा बत्तीस खेळत नाही. पहिल्या जगाच्या दुसऱ्या लेव्हलमध्ये एक छुपी जागा आहे, तिथून थेट चौथ्या जगात जाता येतं. चौथ्या जगाच्या दुसऱ्या लेव्हलमधून थेट आठव्या. राहतात फक्त आठ लेव्हल. त्या आठ लेव्हल जगातले उत्तम खेळाडू पाच मिनिटांच्या आत संपवतात. ऑक्टोबर २०१६ मध्ये डार्बियन या टोपणनावाच्या खेळाडूनं ४ मिनिटं ५६.८७८ सेकंद ही वेळ नोंदवली. एप्रिल २०२१ मध्ये निफ्टस्की या टोपणनावाचा खेळाडू पहिल्यांदा ४ मिनिटं ५५ सेकंदांच्या आत आला. म्हणजे साडेचार वर्षांत सगळ्या जगानं मिळून दोन सेकंदही कमावले नाहीत. ते दोन सेकंद कमी करण्यासाठी किती रात्री गेल्या असतील, याचा विचार केला की या खेळाकडे टाइमपास म्हणून बघणं कठीण जातं.

या छंदाचं मूळ फार जुनं नाही. कॉम्प्युटर क्लासला ज्यांनी 'डेंजरस डेव्ह' खेळला असेल त्यांना हे ऐकून गंमत वाटेल, की तो गेम करणारे जॉन रोमेरो पुढं १९९३ मध्ये 'डूम' करणाऱ्या मंडळींतही होते. डूममध्ये आपला खेळ नोंदवून ती फाइल दुसऱ्याला पाठवण्याची सोय होती. त्या फाइली एकमेकांना धाडता धाडता, कोण लवकर बाहेर पडतो याची चुरस सुरू झाली. १९९७ मध्ये काही खेळाडूंनी मिळून 'क्वेक' हा गेम सर्वांत अवघड पातळीवर १९ मिनिटं ४९ सेकंदांत पुरा करून दाखवला. वेगवेगळ्या खेळाडूंचे तुकडे एकत्र जोडलेले होते आणि तसं त्यांनी उघड सांगितलेलं होतं. जानेवारी २०१० पासून अमेरिकेत 'गेम्स डन क्विक' नावाचे मेळे भरू लागले. दिवसरात्र एकामागून एक स्पीडरन होतात, लोक घरबसल्या बघतात आणि देणग्या देतात. पहिल्या मेळ्यात दहा हजार डॉलरच्या थोडे वर जमले होते. पुढं एकेका मेळ्यातून वीस लाख डॉलरच्या वर निधी कर्करोग प्रतिबंधासाठी किंवा 'डॉक्टर्स विदाऊट बॉर्डर्स' या संस्थेला गेला आहे.

आता सुरुवात कशी करायची ते सांगतो. गेम असा निवडावा, की जो आपल्याला आवडतो आणि जो छोटा आहे. आवड यासाठी, की तोच गेम शेकडो वेळा खेळायचा आहे. छोटा यासाठी, की वीस तासांचा गेम घेतला तर पहिली धाव पुरी व्हायलाच महिना जाईल. त्यानंतर प्रकार ठरवायचा. गेम कसाही करून संपवायचा, हा एक प्रकार. छुप्या वाटा न वापरता बत्तीसच्या बत्तीस लेव्हल खेळायच्या, हा दुसरा. गेममधल्या तांत्रिक त्रुटींचा फायदा घ्यायचा नाही, असाही प्रकार काही गेमांत असतो. मी गझल लिहितो, त्यामुळे हे मला लगेच पटलं. वृत्त आधी ठरतं. मात्रा मोजलेल्या असतात, काफिया बांधलेला असतो. त्या बांधलेल्या जागेत किती मोकळं हिंडता येतं, त्यातच कस लागतो.

प्रकार ठरला की दोन चित्रफिती बघायच्या. एक विक्रमवीराची, एक नवशिक्यासाठी कुणी सावकाश समजावून सांगितलेली. पहिली बघून डोळे विस्फारतात, शिकायला होतं ते दुसरीतून. चौथ्या जगाच्या दुसऱ्या लेव्हलचंच उदाहरण घ्या. तिथं एका विटेत लपलेली वेल उगवते, ती चढून गेलं की छुपी जागा लागते. हा सरळ रस्ता. पण तरबेज खेळाडू वेल चढतच नाही. तो विटांना अंग घासून मारिओला पडद्यावर किंचित पुढं सरकवतो आणि पडदा पुरेसा हलण्याआधीच एका पाइपमध्ये शिरतो. त्या पाइपचं नवं ठिकाण गेमनं अजून वाचलेलं नसतं. त्याच्या लेखी मारिओ वेलीवरूनच आलेला असतो, म्हणून तो त्याला थेट छुप्या जागेत पोचवतो. काही सेकंद वाचतात. पण ही युक्ती फसली तर त्याहून जास्त जातात. नवशिक्यानं वेलीनंच जावं, असं माझ्या गुरूनं मला बजावलं. आधी खात्रीचा रस्ता, मग जवळचा.

आणखी एक गोष्ट मला फार आवडली. या गेमचा पडदा सेकंदाला साधारण साठ चित्रं दाखवतो. लेव्हल संपल्यावर पुढची सुरू करायची का, हे गेम प्रत्येक चित्राला तपासत नाही. दर एकवीस चित्रांनी, म्हणजे साधारण ०.३५ सेकंदानं एकदा तपासतो. परदेशातले खेळाडू याला ठरावीक वेळानं सुटणाऱ्या बसची उपमा देतात. आपल्याला लोकल जास्त कळते. तुम्ही फलाटावर दहा सेकंद आधी पोचलात, तरी गाडी तिच्या वेळेलाच सुटणार. ते दहा सेकंद गेले पाण्यात. पण आधीची गाडी मिळण्याइतका वेळ वाचवलात, तर अख्खी एक फेरी पदरात पडली. म्हणून हे खेळाडू प्रत्येक लेव्हलमध्ये विचारतात, की आपण कितव्या गाडीनं आलो. शेवटच्या लेव्हलला मात्र हा नियम नाही. तिथं मारिओनं राक्षसाच्या पुलाजवळची कुऱ्हाड गाठली की घड्याळ थांबतं. गाडीतून उतरून घरापर्यंत पायी जावं तसं. तिथं प्रत्येक पाऊल मोजलं जातं.

वेळ मोजण्यासाठी 'लाइव्हस्प्लिट' नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. प्रत्येक लेव्हल संपली की एक बटण दाबायचं. कोणत्या टप्प्याला किती वेळ लागला, आजवरच्या आपल्या सर्वोत्तम धावेच्या आपण पुढं आहोत की मागं, हे ते दाखवतं. एखाद्या टप्प्यात आपलीच सर्वांत चांगली वेळ लागली की ती सोनेरी रंगात दिसते. संगणक नसेल तर वही आणि मोबाइलचं घड्याळ पुरतं. आम्ही वहीच वापरली.

सराव कसा करायचा, हे भाच्यानं मला सांगायला घेतलं तेव्हा मी त्याला थांबवलं. म्हटलं, हे मला ठाऊक आहे. आमच्याकडे कुरआन तोंडपाठ करणारी मुलं असतात, त्यांना हाफिज म्हणतात. तीस पारे पाठ करायचे असतात. ती मुलं रोज तीन कामं करतात. आजचा नवा भाग, तो सबक. गेल्या काही दिवसांत झालेला भाग पक्का करायचा, तो सबक पारा. आणि खूप आधी पाठ झालेल्याची उजळणी, तिला आमोख्ता म्हणतात. नुसता नवा सबक घेत राहिलं तर मागचं निसटतं. नुसतं मागचं घोकत बसलं तर पुढं सरकत नाही. तबला शिकणाराही कायदा आधी ठाय लयीत वाजवतो, हात बसल्यावर दुगुणीत जातो. सरावाची रीत सगळीकडे एकच. स्पीडरनमध्ये अवघड जागा तेवढी वेगळी काढून दहादा, वीसदा करायची. तिथूनच पुन्हा सुरू करता यावं म्हणून खेळ त्या क्षणी जतन करून ठेवायची सोय सरावाच्या सॉफ्टवेअरमध्ये असते. सलग पाच वेळा जमली की आधीच्या लेव्हलसकट खेळून बघायची. आणि रोज निदान एकदा, सुरुवातीपासून शेवटापर्यंत.

हे शेवटचंच माझा गुरू करत नव्हता. पहिल्या लेव्हलला उडी थोडी चुकली की तो रिसेटचं बटण दाबायचा. मी त्याला विचारलं, "शेवटची लेव्हल तू कधी खेळलास?" तो आठवत राहिला. "तीन आठवडे झाले असतील, मामू."

"का?"

"सुरुवातच खराब झाली तर पुढं खेळून काय फायदा? रेकॉर्ड तर होणार नाही."

श्रोतेहो, विक्रमाच्या उंबरठ्यावरच्या खेळाडूला हे म्हणणं शोभतं. ०.३५ सेकंदाची गाडी चुकली तर त्याची धाव खरोखरच वाया गेलेली असते. पण नवशिक्याला रिसेट हे विष आहे. त्याची पहिली लेव्हल हजार वेळा होते, आठवी दहा वेळा. पहिली चकचकीत, आठवी गंजलेली. मग एखाद्या दिवशी सुरुवात नशिबानं छान होते आणि तो आठव्या जगात पोचतो. तिथं हातोडे फेकणाऱ्या जोड्या समोर येतात, मग तो पाइपांचा चक्रव्यूह, ज्यात चुकीची वाट धरली की माणूस पुन्हा त्याच जागी येतो. हात थरथरतात. कारण त्या जागेशी त्याची ओळखच नसते. आणि एक दुसरी विद्या त्याला कधी शिकायला मिळत नाही. चूक झाल्यावर पुढची उडी नीट कशी मारायची, ही. ती विद्या चुकलेल्या धावेतच मिळते, दुसरीकडे कुठं नाही.

फिजिक्सच्या पेपराचं नाव मी काढलं नाही. काढायची गरजही पडली नाही. खोलीत थोडा वेळ कुणीच बोललं नाही, एवढं मला आठवतं.

आम्ही एक करार केला. दहा धावा करायच्या. काहीही झालं तरी रिसेट नाही. मारिओचे सगळे जीव संपले, तरच नव्यानं सुरुवात, आणि तीही वहीत लिहायची. पहिल्या तीन धावा आठव्या जगात संपल्या. चौथी पुरी झाली, साडेनऊ मिनिटांत. एरवी जी वेळ कुणाला सांगायला त्याला लाज वाटली असती, ती त्यानं स्वतःच्या हातानं वहीत लिहिली आणि खाली रेघ ओढली. दहावी धाव सात मिनिटांच्या आत आली. नवीन युक्ती एकही शिकला नव्हता. फक्त शेवटची लेव्हल ओळखीची झाली होती. माझं विचाराल, तर महिनाभरात माझ्या दोन धावा पुऱ्या झाल्या, दोन्ही वेलीच्या रस्त्यानं.

या छंदातली प्रामाणिकपणाची बाजूही सांगायला हवी. आज स्पीडरनची नोंद व्हायची तर पूर्ण धावेची चित्रफीत द्यावी लागते आणि जाणकार स्वयंसेवक ती तपासतात. पूर्वी असं नव्हतं. 'ड्रॅगस्टर' नावाच्या १९८०च्या एका छोट्या गेममध्ये ५.५१ सेकंदांचा एक विक्रम १९८२ पासून नोंदलेला होता. पुढं एका अभ्यासकानं त्या गेमचा प्रोग्रॅमच उलगडून पाहिला आणि ५.५७ च्या खाली जाणं शक्य नाही असं दाखवून दिलं. २०१८ मध्ये तो विक्रम नोंदीतून काढला गेला. पस्तीस वर्षांनी सहाशतांश सेकंदाचा हिशेब लागला. मुलांना मी हे मुद्दाम सांगतो. साडेनऊ मिनिटं ही खरी वेळ असेल, तर तिच्यावर उद्या नऊ मिनिटं उभी राहतात. खोट्या पाच मिनिटांवर काहीच उभं राहत नाही.

धोकेही आहेत. सराव तासाभराचा असावा आणि त्याची शेवटची वेळ आधी ठरलेली असावी. मनगट किंवा अंगठा दुखायला लागला की त्या दिवशी खेळ बंद. जेवण, झोप आणि अभ्यास यांना कापून वाचवलेला वेळ हा वाचवलेला वेळ नव्हे. यातून पोट भरेल अशी आशा मुलांना दाखवू नये, फार थोड्यांना ते साधतं. सुरुवात करायला महागडं काही विकत घ्यावं लागत नाही, आणि नवं यंत्र आणल्याशिवाय वेळ सुधारणारच नाही असं मूल म्हणू लागलं, तर वहीतल्या नोंदी बघा. कुठली उडी सारखी चुकते, ते तिथं लिहिलेलं असतं.

भाच्यानं पुरवणी परीक्षेचा फॉर्म भरला आणि या खेपेला तो सगळे पेपर देऊन आला. फिजिक्सचा पेपर यंदाही फार चांगला गेला नाही, असं तोच म्हणाला. दुसऱ्या दिवशी तो केमिस्ट्रीच्या पेपराला गेला. निकाल अजून लागायचा आहे. गेममुळे तो पास होईल असा माझा दावा नाही. पास होण्यासाठी फिजिक्सच वाचावं लागतं. पण सगळ्या पेपरांना बसलेल्या मुलाची तयारी कुठं कमी पडली हे निदान कळतं. घरी बसलेल्याचं काहीच कळत नाही.

तेव्हा आईवडिलांना माझी एक विनंती आहे. तुमचं मूल एकच गेम पुन्हा पुन्हा खेळताना दिसलं, तर "किती वेळ खेळतोस?" हा प्रश्न विचारा, तो विचारायलाच हवा. पण त्याबरोबर "आज शेवटपर्यंत गेलास का?" हेही विचारा. उत्तर "नाही" आलं, तर शेजारी खुर्ची टाकून बसा आणि एक चुकलेली धाव त्याच्यासोबत पुरी होऊ द्या. सात मिनिटं लागतील, फार तर दहा.